जुन्या स्मार्टफोनची प्रणाली बदलावी काय?

सिल्वासासारख्या औद्योगिक नगरात गावाकडे पैसे पाठविणाऱ्या कामगाराचा मोबाइल हाच त्याचा बटवा झाला आहे. उत्पादकाने सुरक्षा-सुधारणा देणे थांबविले, की जुना फोन असुरक्षित होत जातो. अशा वेळी २०१६ साली सुरू झालेली ‘लिनिएजओएस’सारखी मुक्त प्रणाली काही मॉडेलांवर बसविता येते. तथापि, त्यासाठी बूटलोडरचे कुलूप उघडताना फोनमधील माहिती पुसली जाते. पुढे काही बँकांची अ‍ॅप चालत नाहीत. प्रक्रिया बिघडल्यास फोन निकामी होण्याचाही संभव असतो.

म्हणून घरातील एकमेव फोनवर हा प्रयोग करू नये. नव्या फोनची तजवीज होईपर्यंत अनोळखी अ‍ॅप टाळावीत. दुसरा फोन असल्यास, त्याच मॉडेलची प्रणाली उपलब्ध असल्याची खात्री करून आणि माहितीची प्रत काढूनच पुढे जावे.