कुलूप आधी काढ

हिंगोली

चि. बाळ,


फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. परवा आखाडा बाळापूरच्या बाजारात कानावर आलं ते खरं असेल, तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी त्या बंगल्याच्या गेटचं कुलूप काढून ये. ‘तुमच्या भाच्यानं बाकीपायी लोकाची वास्तुशांत अडवली,’ हे मला चारचौघांत ऐकावं लागलं. लोकांचं सोड. उद्या घरमालक पोलिसांत गेला, तर बाकी कोणाकडे किती आहे हे तिथं कोणी विचारणार नाही. माणसाला त्याच्याच घरात जाण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे, नव्या न्याय संहितेतही आहे.

आणि कुलूप लावलंस कोणाला? माल मागवला ठेकेदारानं, शब्द दिला त्यानं. घरमालकानं त्याचे पैसे चुकते केले आणि तो फोन बंद करून अर्धापूरला बसला. मालकाचा तुझ्याशी व्यवहारच नाही. तुझी सळई त्याच्या स्लॅबमध्ये आहे हे तुला दिसतं, मलाही दिसतं, कायद्याला दिसत नाही.

कोर्टात कारकुनी करताना हेच दुखणं घेऊन आलेले गवंडी, सेंटरिंगवाले, खडीवाले मी कितीतरी पाहिले. सगळे एकच विचारायचे: गॅरेजवाला बिल घेतल्याशिवाय ट्रॅक्टर सोडत नाही, मग आम्हीच का सोडायचं? अरे, गॅरेजवाल्याला तो हक्क १८७२ च्या करार कायद्यानं दिलाय, कारण ट्रॅक्टर त्याच्या ताब्यात असतो. उधारीची बोली नसेल तर दुकानातला माल तुलाही अडवून ठेवता येतो, १९३० च्या माल विक्री कायद्यानं. पण हायवा साइटवर रिकामी झाली की तो हक्क संपला. मागे उरते नुसती बाकी.

माझ्या जाऊबाईंचा मुलगा अमेरिकेत घरं बांधतो. तिथं खिडक्या पुरवणाऱ्यालासुद्धा थकलेल्या पैशाचा बोजा थेट घरावर चढवता येतो, मालकाशी करार नसला तरी. आपल्या सातबारावर सोसायटीचा बोजा असतो ना, तसाच. तो उतरवल्याशिवाय घर सुखानं विकता येत नाही. वॉशिंग्टन शहर बांधायला निघालं तेव्हा, १७९१ साली, मेरीलँडनं हा कायदा केला. ऐकून मला हेवाच वाटला. पण तिथंही नोटीस आणि नोंदणीची मुदत चुकली की हक्क गेला. कुलूप तर तिथंही कोणी ठोकत नाही. आपल्याकडे तसा कायदाच नाही, मग तू कशाच्या जोरावर ठोकलंस?

धरायचं तर ठेकेदाराला धर. पेव्हर ब्लॉक तू स्वतः बनवतोस. तेवढ्या मालाला २००६ चा लघुउद्योगांचा कायदा लागू पडेल, उद्यम नोंदणी माल देण्याआधीची असेल तर. त्यात पैसे द्यायला फार तर ४५ दिवस. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. सिमेंट-सळई तू आणून विकतोस, तिला हे मिळत नाही. तिच्यासाठी दिवाणी दावा, माल दिल्यापासून ३ वर्षांत. त्या मुदतीत ‘एवढी बाकी देणं आहे’ असं त्याच्या सहीनं लिहून घेतलंस, तर ३ वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. चलनांवर सह्या आहेत ना? की तिथंही ‘घरचाच माणूस’ म्हणून सोडून दिलंस?

रागावतेय, कळतंय मला. पण हे दुखणं आपल्या घरात जुनं आहे. आबांची वीटभट्टी तू पाहिली नाहीस. नांदेडच्या एका ठेकेदाराकडे त्यांची रक्कम अडकली होती. वसुलीला निघाले की मला चल म्हणायचे, कारण हिशेबाची वही माझ्या अक्षरात. मी तेव्हा कॉलेजात. परक्याच्या ओट्यावर पैशासाठी बसायची लाज वाटायची. एकदाही गेले नाही. आबा एकटे जायचे, चहा पिऊन परत यायचे. भट्टी विझली, दादाचं शिक्षण सुटलं. पुढचं तुला ठाऊकच आहे.

सांगली जिल्ह्यातला तो पोरगा माझ्या डोक्यातून जात नाही. जुलै २०२५. जलजीवन मिशनचं काम केलं, पैसे अडकले, त्यानं जीव दिला. सरकार म्हणालं, त्याच्या नावावर आमच्याकडे बिलच नाही, पोटठेकेदार असेल. तुझा फोन नुसता वाजत राहतो तेव्हा मला तो आठवतो. कुलपाचं निस्तरता येईल रे. तू फोन उचलत जा. रात्री दोनला कर, मी जागीच असते.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी फाट्यावर उतरते. चलनं, वही, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, जे असेल ते काढून ठेव, तारखेवार लावू. मग अर्धापूरला दोघं जाऊ. वहिनीला स्वयंपाकाला लावू नकोस, फाट्यावरच खिचडी खाऊ. सिमेंटवाल्याचा तगादा असेल तर माझी ठेव मार्चमध्ये सुटते, आधीही मोडता येते. दादाला यातलं काही बोलू नकोस, त्याचं बीपी आताच कुठे जागेवर आलंय.

तुझी,
आत्या