साठी आणि बुद्धि

“साठी बुद्धि नाठी” ही म्हण सातारा-सांगलीकडे आपण घरोघर ऐकतों. ती सर्वथा खरी तर नाहींच, परंतु कित्येकदां घातकही ठरते. तें कसें, हें आज पाहूं.

वय वाढणें निराळें आणि जर्जर होणें निराळें. 2001 सालीं लिंडा फ्रीड या अमेरिकन विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं जर्जरतेचीं पांच लक्षणें सांगितलीं: नकळत वजन घटणें, सदैव थकवा, मुठीची पकड सैल होणें, चाल मंदावणें आणि हालचाल कमी होणें. यांपैकीं तीन किंवा अधिक आढळल्यास ती व्यक्ति जर्जर समजतात. अशा शरीरांत राखीव शक्ति उरत नाहीं. तरुणास दोन दिवसांत सोडणारा ताप वृद्धास अंथरुणास खिळवितो.

स्मृतिभ्रंश हा मेंदूचा विकार होय. 1906 सालीं जर्मन वैद्य आल्झायमर यांनीं त्याच्या एका प्रकाराचें प्रथम वर्णन केलें. हा विकार व जर्जरता एकमेकांस बळ देतात. ज्यास विस्मरण होतें, तो जेवण चुकवितो. स्नायू झिजतात, तोल जातो, हाड मोडतें. म्हणून वृद्धाश्रमांत हीं दोन्ही ज्यांच्या ठायीं एकत्र असतात, त्यांस मृत्यूचा धोका अधिक असतो.

आतां मुख्य गोष्ट. स्मृतिभ्रंश बहुधा वर्षानुवर्षें हळूहळू वाढतो. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज एकाएकीं बरळूं लागली, तर तो वयाचा दोष समजूं नये. मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसांचा संसर्ग, शरीरांतील पाणी घटणें अथवा एखादें औषध हें त्याचें कारण असूं शकतें, आणि त्यावर उपाय असतो. आपण म्हण आठवून स्वस्थ बसलों, तर ती वेळ निघून जाते. 1894 पासून रुग्णालयाची परंपरा असलेलें मिरज जवळ असतां असें होऊं नये.

बालपणींचें शिक्षण स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करतें, असेंही संशोधक सांगतात. 1919 सालीं काले येथें कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. तेव्हांपासून तिच्या शाळांनीं गरिबांच्या मुलांस केवळ अक्षरेंच दिलीं नाहींत, तर उतारवयाची पुंजीही दिली.

बंधुभगिनींनो, वृद्धाश्रमास भेट देतांना केवळ फळें वाटून परतूं नका. आजोबांचा हात हातीं घ्या. पकड सैल लागते काय? उशाशीं भरलेला पेला तसाच आहे काय? बोलणें कालच्याहून वेगळें आहे काय? तसें आढळल्यास तेथील सेवकांस तत्काळ कळवा. मरण कोणासही चुकत नाहीं. परंतु दुर्लक्षानें येणारें मरण आपण टाळूं शकतों.