लघुलहरींचे भवितव्य

आमच्या वडिलोपार्जित घरात, देवघराबाहेरच्या कोनाड्यात, आजोबांचा रेडिओ अजून आहे. लाकडी पेटी, पुढे कापडाची जाळी आणि काचेच्या पट्टीवर बारीक अक्षरांत छापलेली नगरांची नावे : लंडन, कोलंबो, मॉस्को, मेलबर्न. गेल्या चतुर्थीला घरी आलेल्या एका विद्यार्थ्याने ती वाचून मला विचारले, "सर, ही गावे इथे कशाला लिहिली आहेत?" प्रश्न साधा होता, परंतु उत्तर देता देता मला जाणवले की, कोनाड्याशी बसून एका काट्याने जग फिरून येण्याचे युग या मुलांच्या जन्मापूर्वीच मावळले. ते कायमचे मावळले काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम लघुलहरी म्हणजे काय ते पाहू. नभोवाणीची लहर सेकंदास सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने जाते. ३०० या संख्येस मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ३ ते ३० मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या, म्हणजे १०० ते १० मीटर लांबीच्या लहरी त्या लघुलहरी. (एफ. एम.च्या लहरी याहून आखूड, सुमारे ३ मीटरच्या असतात. तेव्हा 'लघु' हे विशेषण आता तितकेसे खरे नाही. जुने नाव चिकटून राहिले, इतकेच.) एफ. एम.ची लहर सरळ जाते व क्षितिजापलीकडे फारशी पोचत नाही. लघुलहरीचे तसे नाही. भूपृष्ठापासून सुमारे १०० ते ४०० किलोमीटर उंचीवर सूर्याच्या जंबुपार किरणांमुळे हवेच्या कणांतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. या प्रदेशास आयनांबर म्हणतात. लघुलहर तेथे तिरकी पोचली म्हणजे वळून पृथ्वीकडे परतते, भूमीवरून वा समुद्रावरून पुन्हा वर उसळते आणि अशा उड्या घेत खंडे ओलांडते. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड तिरका फेकला असता तो टप्पे घेत जातो, तसेच काहीसे हे आहे. असा थर असावा हे अनुमान केनेली व हेविसाइड यांनी १९०२ मध्ये केले. एडवर्ड ॲपल्टन यांनी १९२४ मध्ये आरंभिलेल्या प्रयोगांनी ते सिद्ध केले व त्याबद्दल १९४७ चे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. आपल्याकडे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनी याच विषयास आयुष्य वाहिले.

या गुणाचा व्यवहारातील अर्थ फार मोठा आहे. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये कोणाचीही तार, कोणाचाही मनोरा किंवा कोणाचीही परवानगी लागत नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले व वृत्तपत्रांवर बंधने आली, तेव्हा मुंबईत उषा मेहता व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. (याची कंप्रता किती होईल? वरील भागाकार करून पाहा. उत्तर ७ मेगाहर्ट्झच्या किंचित वर यावयास हवे.) पोलीस मागावर असल्याने जागा वारंवार बदलावी लागे. १२ नोव्हेंबरास तो पकडला गेला. आयुष्य जेमतेम तीन महिन्यांचे, परंतु त्याची आठवण आजही राहिली आहे.

वायरलेसचे गोमंतकातील उदाहरण तर याहून जवळचे. १९५५ च्या नोव्हेंबरात लिबिया लोबो व वामन सरदेसाई यांनी सीमेलगतच्या सह्याद्रीच्या रानातून गुप्त नभोवाणी सुरू केली. कोकणी व पोर्तुगीज भाषांतील तिचे कार्यक्रम डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत चालू होते. पुढे ते दोघे विवाहबद्ध झाले. शंभरी पूर्ण केलेल्या लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आजोबा त्या वेळी विशीतले होते. ते सांगत की, खिडक्या लावून, आवाज अगदी बारीक करून घरातली माणसे ही नभोवाणी ऐकत. आणि अंगणात कुत्रा भुंकला की रेडिओ बंद करण्यापूर्वी आधी काटा फिरवीत. शिपायाने येऊन तोच रेडिओ पुन्हा लावला, तर ते केंद्र लागता कामा नये! घराघरांत असा काटा किती वेळा फिरला असेल, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. आणि ऐकणाऱ्याची नोंद राहत नाही, हेच तर या साधनाचे सामर्थ्य.

मनोरंजनाच्या क्षेत्रातही लघुलहरींनी पराक्रम केला. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेले आपले डॉ. बा. वि. केसकर यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना ओहोटी लागली. श्रोत्यांनी काटा कोलंबोकडे वळविला आणि अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला घरोघरी पोचली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीस 'विविध भारती' सुरू करावी लागली. केसकरांची शास्त्रीय संगीतावरील निष्ठा मला आदरणीय वाटते. परंतु सीमा न मानणाऱ्या लहरीपुढे मंत्र्याचेही चालत नाही, हे त्यांस उशिरा कळले असावे.

मग हे साधन मागे का पडले? पहिले कारण खर्च. पणजीजवळ आकाशवाणीचे २५० किलोवॅट शक्तीचे लघुलहरी प्रक्षेपक होते. घरातील इस्त्रीस साधारणतः १ किलोवॅट वीज लागते, असे धरले तर अडीचशे इस्त्र्या एकाच वेळी तापत ठेवण्याइतकी शक्ती केवळ लहरींत ओतावयाची! त्यातून ऐकणारे किती, हे मोजता येत नाही. दुसरे कारण ध्वनीचे. आवाज चढतो, उतरतो, शेजारचे केंद्र मध्ये घुसते. एफ. एम., उपग्रह आणि इंटरनेट यांची निर्मळ वाणी ऐकलेला कान ते सहन करीत नाही. साहजिकच एकेक केंद्र मुके झाले. कॅनडाने २०१२ मध्ये, ऑस्ट्रेलियाने ३१ जानेवारी २०१७ रोजी लघुलहरी सोडल्या. १९४० पासून चालत आलेली बी. बी. सी.ची हिंदी सेवा जानेवारी २०२० च्या अखेरीस लघुलहरींवरून थांबली. आकाशवाणीनेही आपले बरेचसे लघुलहरी प्रक्षेपण आवरते घेतले आहे. गाण्यांसाठी आणि गप्पांसाठी लघुलहरी परत येतील, अशी आशा मी तरी करीत नाही.

तथापि २०२२ या एकाच वर्षातील दोन घटना विचार करावयास लावतात. १५ जानेवारीस टोंगा बेटांजवळ समुद्रातील ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्या देशास जगाशी जोडणारी समुद्रतळाची तार तुटली. मुख्य बेटाची जोडणी पूर्ववत होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. पुढे फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. तेव्हा ज्या बी. बी. सी.ने लघुलहरी आखडत्या घेतल्या होत्या, तिनेच मार्चमध्ये युक्रेन व रशियाच्या काही भागांसाठी रोज ४ तासांच्या इंग्रजी बातम्या लघुलहरींवर पुन्हा सुरू केल्या. न्यूझीलंडने तर २०२४ मध्ये पॅसिफिक बेटांसाठी नवा लघुलहरी प्रक्षेपक उभारला. इंटरनेटची कळ देशातच असते. ती दाबली की सारे शांत. लघुलहरीस गोंगाटाने गाडता येते, हे खरे. परंतु त्यासाठीही प्रचंड शक्ती खर्चावी लागते आणि तरीही कोठेतरी ती ऐकू येतेच.

अडचण आहे ती ऐकण्याच्या बाजूस. प्रक्षेपक एका महिन्यात पुन्हा सुरू करता येईल. पण लाखो घरांत रेडिओच नसेल तर बोलावयाचे कोणाशी? डी. आर. एम. ही नवी अंकीय पद्धती यावर तोडगा म्हणून पुढे आली. तिच्यात वीज कमी लागते व आवाज स्वच्छ येतो. आकाशवाणीने मध्यमलहरींवर या पद्धतीचे अनेक प्रक्षेपक बसविले. परंतु तिचे ग्राहकयंत्र महाग आहे आणि दुकानात सहसा दिसत नाही. मागणी नाही म्हणून यंत्र नाही, यंत्र नाही म्हणून मागणी नाही. साधा, बॅटरीवर चालणारा जुना रेडिओ घरात जपून ठेवावा, असे माझे मत आहे; घरच्या मंडळींना ते अडगळीचे वाटते.

गेल्या महिन्यात शाळेच्या गच्चीवर आम्ही दहा मीटर तांब्याची तार ताणून आजोबांच्या रेडिओस जोडली. प्रथम नुसती खरखर! जिन्यातील एल. ई. डी. दिवा मालविताच ती निम्मी झाली. दिवसा आयनांबराखालचा थर लांब लहरी शोषून घेतो, म्हणून तेव्हा १३ ते १९ मीटर शोधावे लागते. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि ४१ व ४९ मीटर जागे होतात. सात वाजता काटा ४१ वर आला आणि कोण्या दूरच्या देशातील स्त्री अनोळखी भाषेत बातम्या वाचताना स्पष्ट ऐकू आली. तोच विद्यार्थी बराच वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "सर, ह्याचे रिचार्ज कोण करतो?"

तार अजून गच्चीवर आहे. ज्यांना ऐकावयाचे असेल त्यांनी शनिवारी सायंकाळी साडेसहा वाजता वही घेऊन यावे. केंद्र, वेळ आणि मीटर यांची नोंद करावयाची आहे.