मुलाला सायकलवर मागे बसवताना

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. दुपारी दोनच्या सुमारास दवाखाना बंद करून जेवायला निघालो होतो, तोच दारात सायकल आडवी टाकून एक गृहस्थ आत आले. कडेवर तीन वर्षांची मुलगी आणि तिच्या उजव्या टाचेला गुंडाळलेला रुमाल रक्ताने भिजलेला. "काही नाही डॉक्टरसाहेब, पाय चाकात गेला. थोडंच लागलं. एखादा टाका मारा, धनुर्वाताची सुई द्या, मला परत शेतात जायचं आहे," ते म्हणाले.

रुमाल सोडून पाहिले तर जखम खरोखरच दीडेक इंचाची होती. हाड मोडलेले नव्हते, हे नंतर एक्स-रेने कळले. मी टाका मारला नाही. जखम भरपूर पाण्याने धुतली, सैल पट्टी बांधली, पाय उशीवर उंच ठेवायला सांगितले आणि परवा न चुकता दाखवायला या, असे दोनदा बजावले. ते आले सहाव्या दिवशी. तोवर टाचेवरची रुपयाएवढी कातडी काळी पडून मेली होती. पुढे मुलीला अकोल्याला पाठवून तेथे मांडीची कातडी टाचेवर बसवावी लागली. मुलगी आता चालते, परंतु त्या पायात चप्पल घालायला अजून कुरकुर करते.

ही इजा एवढी फसवी का असते, ते समजून घ्यावे. आपल्याकडच्या नेहमीच्या मोठ्या सायकलच्या मागच्या चाकाला ४० आरे असतात, ज्यांना आपण तारा किंवा स्पोक म्हणतो. सायकल ताशी १२ किलोमीटरने, म्हणजे अगदी रमतगमत चालली असली, तरी चाक सेकंदाला साधारण दीड फेरा घेते. म्हणजे एका जागेवरून सेकंदाला ६० आरे जातात. मुलाची टाच त्यांत शिरली की आरे ती ओढून नेतात आणि चाकाच्या बाजूने जाणाऱ्या लोखंडी दांडीवर दाबतात. त्यामुळे एकाच वेळी तीन गोष्टी होतात. आऱ्याने कातडी कापली जाते, दांडी आणि चाक यांच्यामध्ये पाय चेंगरतो आणि कातडी खालच्या मांसापासून सुटी होऊन ओढली जाते. कापलेले तेवढे आपल्याला दिसते. चेंगरलेले आणि सुटे झालेले दिसायला दोन दिवस लागतात, कारण रक्तपुरवठा तुटलेली कातडी लगेच मरत नाही. ती आधी निळसर आणि मग काळी पडते. टाचेच्या मागे जी जाड कंडरा असते, जिला लोक शीर म्हणतात, ती इथे कातडीच्या अगदी लगत असते. कातडी गेली की ती उघडी पडते. म्हणून अशा जखमेला घट्ट टाके मारणारा डॉक्टर हुशार आणि न मारणारा आळशी, असे समजू नये.

असा प्रसंग आलाच तर पहिली गोष्ट, पाय ओढून काढू नये आणि चाक पुढे फिरवू नये. एकाने मुलाला उचलून धरावे, दुसऱ्याने चाक हळूच मागे फिरवावे. तरी निघत नसेल तर आरे पक्कडीने कापावेत. आरा काही रुपयांत नवा मिळतो. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली दहा मिनिटे धुवावी. हळद, कॉफी, राख, टूथपेस्ट यांतले काहीही भरू नये. ते काढताना मुलाचे जे हाल होतात ते आम्ही पाहतो. स्वच्छ कापड बांधून पाय उंच धरून दवाखान्यात आणावे आणि बरोबर लसीकरणाचे कार्ड आणावे. दीड वर्षाचा बूस्टर वेळेवर झाला असेल तर तीन वर्षांच्या मुलाला धनुर्वाताची सुई पुन्हा लागत नाही, आणि लागते की नाही हे कार्डावरून एका मिनिटात कळते. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी जखम दाखवणे मात्र टाळू नये, पट्टी वरून कितीही स्वच्छ दिसली तरी.

माझ्या स्वतःच्या डाव्या घोट्यावर असाच वण आहे. वडील मला शाळेत कॅरिअरवर बसवून नेत. उपरण्याने माझी कंबर स्वतःच्या कमरेला बांधत आणि "पाय फाकव" असे दर दहा पावलांनी म्हणत. मला डुलकी लागली आणि पाय फाकवायचे राहून गेले. पाय दूर ठेवण्याची जबाबदारी तीन-चार वर्षांच्या मुलावर टाकणे हीच मूळ चूक आहे. ती जबाबदारी सीटची असायला हवी.

आता सीटकडे वळू. आपल्या बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला, पुढच्या दांडीवर बसवायची लहान सीट, लोखंडी किंवा वेताची. दुसरा, कॅरिअरवर आवळून बसवायची लोखंडी जाळीची सीट, पाठीला टेकू असलेली. तिसरा, हल्ली शहरांतून मागवून घेतात ती प्लास्टिकची खोल सीट. तिला खांद्यावरून येणारे पट्टे असतात आणि पायांसाठी दोन्ही बाजूंना पन्हळीसारखे खोलगट भाग असतात.

पुढच्या सीटवर मूल डोळ्यांसमोर राहते, गप्पा मारता येतात, हे खरे. परंतु त्याचे पाय पुढच्या चाकाजवळ आणि हात ब्रेकजवळ असतात. सायकल पडली तर मोठ्या माणसाचे वजन त्याच्यावर येते. मूल १५ किलोच्या पुढे गेले की हँडल वळवणेही जड जाते. मागच्या सीटवर मूल डोळ्यांआड जाते, पण चाकापासून पाय झाकता येतात आणि पडताना अंगाखाली येण्याचा धोका कमी असतो. युरोपातील मानकांप्रमाणे पुढच्या सीटची मर्यादा १५ किलो आणि मागच्या सीटची २२ किलो आहे. सीट नीट असेल तर मी मागचीच घ्या असे सांगेन. सीट नीट नसेल, नुसता कॅरिअर आणि वर घडी केलेले पोते असेल, तर मूल चालत नेलेले बरे.

नीट म्हणजे कशी? सर्वांत आधी पाय पाहावेत. मुलाला सीटवर बसवून त्याचा पाय हाताने मुद्दाम चाकाकडे ढकलून पाहावा. टाच किंवा अंगठा आऱ्यांपर्यंत पोचत असेल तर ती सीट तशी वापरायची नाही. पाय ठेवायला जागा आणि त्यावर बांधायचा पट्टा, दोन्ही हवेत. जाळीच्या सीटला ही सोय नसते. तेव्हा सायकलवाल्याकडून चाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक जाळी बसवून घ्यावी. बायकांच्या सायकलला साडी अडकू नये म्हणून जशी बसवतात तशीच, फक्त खाली चाकाच्या मध्यापर्यंत येणारी. इथले कोणतेही वेल्डिंगवाले एका तासात करून देतात. मी तीन पालकांना पाठवले, तिघांचे काम झाले.

दुसरे, पाठीचा टेकू. तो मुलाच्या खांद्यापेक्षा वर गेलेला असावा आणि बाजूंनी थोडा वळलेला असावा. पट्टे नुसते कमरेला असून भागत नाही. ब्रेक लागला की मूल कमरेतून वाकून पुढे जाते, झोपले तर खाली घसरते. खांद्यांवरून येणारे आणि पायांच्या मध्ये एकत्र येणारे पट्टे हवेत. कडी अशी हवी की मोठ्याला एका हाताने निघेल आणि मुलाला निघणार नाही. दुकानातच मुलाला ती उघडायला सांगावी. मुले या परीक्षेत आपल्याला हमखास नापास करतात.

तिसरे, सीट बसते कशावर. काही सीटा कॅरिअरवर बसतात, काही सायकलच्या सीटखालच्या उभ्या नळीला कडी लावून दोन वाकवलेल्या सळयांवर तोलल्या जातात. सळयांवरची सीट खड्ड्यात स्प्रिंगसारखी थोडी लवते, मुलाच्या पाठीला ते बरे. परंतु आपल्या जुन्या धाटणीच्या सायकलवर मडगार्ड, जाळी, पंप असे काहीबाही त्या नळीजवळ असते आणि कडी पूर्ण आवळली जात नाही. विकत घेण्याआधी सायकल दुकानात घेऊन जावी. कॅरिअरवर बसणारी सीट घेतली तर कॅरिअरचे चारही नट पाहावेत. चांगल्या कॅरिअरवर २५ किलो असे कोरलेले असते, आपल्याकडच्या पुष्कळ कॅरिअरवर काहीच नसते. सीटचे वजन तीन-चार किलो, त्यात १५ किलोचे मूल आणि खड्ड्यातला दणका, हा हिशोब मनात धरावा. सीट फार मागे सरकवून लावू नये. मुलाचे वजन मागच्या चाकाच्या मध्याच्या फार मागे गेले तर पुढचे चाक हलके होते आणि चढावर हँडल भरकटते.

अजून एक बारीक गोष्ट. मोठ्या माणसाच्या सीटखाली उघड्या स्प्रिंगा असतात. मागे बसलेले मूल त्यांना धरते. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि बोट चिरडते. या स्प्रिंगांवर जाड रेक्झिनचे आवरण शिवून घ्यावे.

मूल किती मोठे असावे, हा प्रश्न आयाबाया नेहमी विचारतात. एक वर्षाच्या आत तर नाहीच. मूल आधाराशिवाय बराच वेळ ताठ बसले पाहिजे आणि डोक्यावर हेल्मेटचे ओझे घेऊन मान सांभाळता आली पाहिजे. जन्मतः बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या एक चतुर्थांश असते, मोठ्या माणसाचे एक अष्टमांश. म्हणजे लहान मूल वरून जड असते आणि पडले की डोक्यावर पडते. सीटवर बसलेल्या मुलाचे डोके जमिनीपासून एक मीटरहून वर असते. एक मीटरवरून पडलेली वस्तू ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. यासाठी सायकल चालत असण्याचीही गरज नाही, आणि या सीटवरून होणारे बरेच अपघात सायकल उभी असतानाच होतात. आई मुलाला बसवून कुलूप काढायला वळते आणि सायकल कलंडते. एका पायाच्या स्टँडवर मुलाला कधीही बसवू नये. दोन पायांचे रुंद स्टँड घ्यावे आणि तरीही एक हात सायकलवर राहू द्यावा. भाजीची पिशवी आधी, मूल सर्वांत शेवटी. उतरताना मूल आधी. आणि पिशवी हँडलला अडकवायची नाही.

हेल्मेट लहान मुलाच्या मापाचेच हवे. दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ४८ सेंटीमीटर असतो. शिंप्याच्या टेपने भुवयांच्या वरून मोजून जावे. भुवयांच्या वर दोन बोटे जागा राहील असे ते बसावे, पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतका घट्ट असावा. केस बांधायचे झाल्यास खाली बांधावेत, वर अंबाडा असला की हेल्मेट डुगडुगते. मूल पडून डोक्याला मार लागला आणि नंतर वारंवार उलटी, गुंगी, झटका, कानानाकातून पाणी किंवा रक्त यांतले काही दिसले तर घरी वाट पाहू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा.

आपल्या गावाचा उन्हाळा वेगळा सांगायला नको. मे महिन्यात भर दुपारी उभ्या सायकलची लोखंडी सीट तव्यासारखी तापते. बसवण्याआधी हाताने पाहावी, वर सुती कापड टाकावे, पण त्याची टोके लोंबू देऊ नयेत. डोक्याला गुंडाळलेल्या रुमालाचे, आईच्या ओढणीचे किंवा पदराचे टोकही तसेच. ओढणी चाकात जाऊन गळ्याला फास बसल्याच्या घटना आपण ऐकतो, त्या खऱ्या असतात. थंडीत उलट होते. पेडल मारणाऱ्याला घाम येतो आणि मागे बसलेले मूल काकडत असते, त्याला आपल्यापेक्षा एक कपडा जास्त घालावा.

मोटारसायकल आणि स्कूटरबद्दलही लिहायला हवे, कारण आता बहुतेक मुले त्यावरच फिरतात. पेट्रोलच्या टाकीवर मूल बसवणे आणि स्कूटरच्या पुढे उभे करणे या दोन्ही सवयी वाईट. ब्रेक लागला की मुलाचे तोंड हँडलवर आदळते आणि दात जातात. केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी काढलेल्या नियमाप्रमाणे चार वर्षांखालील मुलाला मोटारसायकलवर नेताना त्याला पट्ट्यांचे जाकीट घालून ते चालकाच्या खांद्यांना जोडायचे आहे, नऊ महिन्यांपासून मुलाला मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायचा नाही. हा नियम एक वर्षानंतर लागू झाला. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट कायद्यानेच आवश्यक आहे. जाकिटामुळे मूल झोपेत घसरत नाही, हा त्याचा खरा उपयोग. गाडीच पडली तर मूलही बरोबर पडते, म्हणून वेगाची अट जाकिटापेक्षा महत्त्वाची मानतो. महामार्ग क्रमांक ५३ वर, म्हणजे आपल्या जुन्या सहा नंबरवर, ट्रकांच्या रांगेत मुलाला दुचाकीवर घेऊन जाण्याचे टाळता येत असेल तर टाळावे. नांदुऱ्याला किंवा भुसावळला जायचे तर रेल्वे आहे. राजूर घाटातून बुलढाण्याला जायचे तर एसटी आहे.

राहता राहिला दोन मुलांचा प्रश्न. एक दांडीवर, एक कॅरिअरवर आणि तिसरी सौ. बसायला जागा शोधते आहे, हे दृश्य मी बाजाराच्या दिवशी पाहतो. दोन मुलांसाठी सायकलला वेगळी मजबूत चौकट लागते. जपानमध्ये अशी सायकल मिळते आणि तिच्यावरच दोन मुले नेण्याची परवानगी आहे. आपल्या साध्या सायकलवर एका वेळी एकच मूल न्यावे, दुसऱ्यासाठी दुसरी फेरी मारावी.