जबरदस्तीने लोड केलेलं मॉड्यूल

2002 च्या अखेरीस हायपर-थ्रेडिंगचा पेंटियम 4 आला आणि साध्या डेस्कटॉपवरही लिनक्सला दोन प्रोसेसर दिसू लागले. रेड हॅट 9 मध्ये त्यासाठी वेगळा एसएमपी कर्नल असायचा. मी तेव्हा मोजमापाच्या कार्डांचे ड्रायव्हर सांभाळायचो. एका ग्राहकाच्या नव्या मशीनवर आमचं एका प्रोसेसरसाठी बांधलेलं मॉड्यूल लोड होईना, तेव्हा तिथल्या कोणीतरी इन्समॉडला जबरदस्तीचा पर्याय दिला. मॉड्यूल बसलं, पण वाचन सुरू केलं की मशीन गोठायचं. कार्ड बदललं, रॅम बदलली, उपयोग झाला नाही.

कारण हेडरमध्ये होतं. त्या 2.4 कर्नलच्या एका प्रोसेसरच्या बिल्डमध्ये स्पिनलॉक म्हणजे रिकामं स्ट्रक्चर, शून्य बाइट. एसएमपीमध्ये तोच चार बाइटांचा. वेट-क्यूच्या सुरुवातीलाच हा लॉक असतो. मॉड्यूलने आठ बाइटांची वेट-क्यू तयार केली आणि कर्नलने ती बारांची समजून हाताळली. यादीतला पहिला पत्ता त्याने लॉक म्हणून वाचला, आणि शेवटचे चार बाइट तर वेट-क्यूचे नव्हतेच.

म्हणून कळकळीने सांगतो, आवृत्तीची तपासणी अडवते तेव्हा ती डावलू नका. 2.6 पासून मॉड्यूलमध्ये व्हरमॅजिकची ओळ असते, ती मॉडइन्फोने वाचा. एसएमपी किंवा प्रीएम्प्ट जुळत नसेल, तर ज्या कर्नलवर चालवायचं त्याच्याच कॉन्फिगवर आणि हेडरवर पुन्हा बांधा.

पण नुसतं पुन्हा बांधून भागत नाही. एका प्रोसेसरच्या बिल्डमध्ये लॉक घेणारा कोड जवळजवळ नाहीसाच होतो. एका फंक्शनने लॉक घेतला आणि त्याने बोलावलेल्या दुसऱ्यानेही तोच घेतला, तरी तिथे काही बिघडत नाही. एसएमपीवर तोच कोड स्वतःचीच वाट पाहत कायमचा अडकतो. फक्त आपल्या प्रोसेसरचे इंटरप्ट बंद करून डेटा सुरक्षित मानणारा कोडही असाच उघडा पडतो. एसएमपी कर्नल मॅक्ससीपीयूज=1 देऊन बूट केला, तर दुहेरी लॉक पकडला जातो, पण दोन प्रोसेसरांमधली शर्यत दिसत नाही. त्यासाठी खरोखरच एकाहून जास्त प्रोसेसरचं मशीन लागतं.

एक्स86 वर मी एकच एसएमपी बिल्ड ठेवतो. एकच प्रोसेसर आढळला तर नवे कर्नल बूट होतानाच लॉक प्रीफिक्स बदलून टाकतात, त्यामुळे वेगासाठी दोन बिल्ड सांभाळायचं कारण उरत नाही. लहान एम्बेडेड बोर्डांवर एका प्रोसेसरचे कर्नल अजून भेटतात. तिथे मॉड्यूल वेगळं बांधा आणि त्याच कर्नलच्या नावाच्या डिरेक्टरीत ठेवा.