केळशीच्या हवेत रणगाड्याला प्रायमर: पैसे कशावर घालावेत?

१/३५ मापाचं पॅटन किंवा टी-५५ रणगाड्याचं मॉडेल जोडून झालं की पुढचा प्रश्न प्रायमरचा. पुण्या-मुंबईत हा प्रश्न दुकानात सुटतो. कोकणातल्या केळशीत आधी हवा बघावी लागते. समोर समुद्र, बाजूला भारजेची खाडी, आणि जून ते सप्टेंबर दोरीवरचे कपडेसुद्धा धड वाळत नाहीत. अशा गावात डबा कितीचा आणला यापेक्षा तो कुठल्या दिवशी उडवला हे जास्त महत्त्वाचं. म्हणून पहिली खरेदी डिजिटल हायग्रोमीटरची, दोनशे ते चारशे रुपयांची. आर्द्रतेचा आकडा ६५ टक्क्यांच्या वर असेल, तर त्या दिवशी डबा हातातच घेऊ नये.

कारण साधं आहे. प्रायमरमधलं थिनर झपाट्याने उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि राखाडी थरावर पांढुरकी झाक येते. पाण्यात विरघळणाऱ्या प्रायमरला ही झाक येत नाही, पण तो वाळायचं नाव घेत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. सकाळचं दव उतरलं की दहाच्या सुमारास सुरुवात करावी आणि खारा वारा सुटायच्या आत आटपावं. पावसाळ्यात जोडकाम, घासकाम, पुट्टी करून ठेवावी, प्रायमर दिवाळीनंतर.

आता डब्यांचे भाव. पुढचे सगळे आकडे अंदाजाचे आहेत, दुकानागणिक कमी-जास्त होतील. तामियाचा १८० मिलीचा प्रायमर स्प्रे नऊशे ते बाराशेपर्यंत जातो आणि त्यात तीन-चार रणगाडे निघतात, म्हणजे रणगाड्यामागे तीनशेच्या आसपास. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला ४०० मिलीचा राखाडी प्रायमर अडीचशे-साडेतीनशेला मिळतो. दापोली-खेडकडे जाणं झालं की तो आणता येतो, आणि हात बसला असेल तर रणगाड्यामागे पन्नास-साठ रुपयांत काम होतं. फरक थिनरचा आहे. गाड्यांच्या प्रायमरमधलं थिनर पत्र्यासाठी असतं. तो ओला-जाड मारला तर मऊ प्लॅस्टिक खातो. आधी किटच्या उरलेल्या फ्रेमवर उडवून बघा. दुसऱ्या दिवशी त्यावर मास्किंग टेप घट्ट दाबून झटक्यात ओढा. टेपला राखाडी चिकटलं नाही आणि फ्रेमच्या कडा बोथट झाल्या नाहीत, तर हा डबा चालतो. स्वस्तातला स्वस्त पक्का प्रायमर हाच.

ऑनलाइन मागवणार असाल तर एक अडचण ध्यानात ठेवा. स्प्रेचे डबे ज्वलनशील. टपालाने पाठवायला मनाई, विमानानेही पाठवता येत नाहीत. रस्त्यानेच येतात, वेळ लागतो, काही विक्रेते कोकणातले पिनकोड बघून नकार देतात. ब्रशने किंवा एअरब्रशने मारायच्या प्रायमरच्या बाटल्यांना ही कटकट कमी. ६० मिलीची व्हॅलेहोची बाटली सहाशे-आठशेपर्यंत येते. मात्र हा प्रायमर कातडीसारखा बसतो. पूर्ण मुरायच्या आत घासला तर सोलून निघतो. एरवी एक दिवस पुरतो, इथे दोन-तीन दिवस हात लावू नये.

घरात गेटला मारून उरलेला रेड ऑक्साईड असतोच, आणि जर्मन रणगाड्यांना कारखान्यात तसाच लाल प्रायमर असायचा हे वाचून मोह होतो. तो लोखंडासाठी आहे. रिव्हेट बुजवेल आणि आठवडाभर चिकट राहील. कॅम्लिनचा जेसोही कॅनव्हासला उत्तम, इथे जाड.

डबा कोणताही असो, आधीची धुलाई फुकट असते आणि तिथेच सगळे आळस करतात. साच्याचं तेल, हाताचा घाम आणि इथलं खारं मीठ अंगावर असेल तर उत्तम प्रायमरही पापुद्र्यासारखा सुटतो. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश. मग सावलीत वाळवणं. धातूची नळी किंवा पितळी जाळ्या असतील तर त्यांना धातूचा वेगळा प्रायमर लागतो.

वाऱ्याबरोबर वाळूचा कण येतो, म्हणून उघड्या अंगणात फवारू नका. पडवीत, किराण्याच्या दुकानातलं मोठं खोकं आडवं ठेवून त्यात मॉडेल ठेवा. १५-२० सेंटीमीटरवरून, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. पहिला थर नुसता धुरकट. खालचं प्लॅस्टिक दिसलं पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, गरज वाटली तर तिसरा. फार लांबून मारलं तर प्रायमर वाटेतच वाळतो आणि अंगावर रवा पडल्यासारखा दिसतो. हा रवा हजार ग्रिटच्या वॉटरपेपरने पाण्यात हलकेच घासून काढायचा. एक शीट पंधरा-वीस रुपये.

घासताना अतिउत्साह नको. अहिल्यानगरच्या १९९४ सालच्या रणगाडा संग्रहालयात खरे रणगाडे जवळून बघा: ओतीव बुरुजाचं अंग खडबडीत आहे, वेल्डच्या रेघा उठून दिसतात. गुळगुळीत व्हायला हवा तो प्रायमरचा थर, बुरूज नव्हे. पॅटनचा बुरूज गुळगुळीत केलात तर तो साबणाची वडी दिसेल.

एअरब्रश घ्यावा का? टाकीवाला कॉम्प्रेसर सहा-नऊ हजार, ब्रश दीड-अडीच हजार, शिवाय वीज गेली की काम थांबलं. महागड्या डब्याच्या तुलनेत रणगाड्यामागे दोनशे वाचले असं धरलं, तरी पैसे वसूल व्हायला चाळीस-पन्नास रणगाडे लागतील. पुढच्या रंगकामासाठी तो घ्या. केवळ प्रायमरसाठी नको.

मास्कवर मात्र काटकसर करू नका. एन-९५ धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. त्याला कार्ट्रिजवाला मास्क लागतो, हजार-दीड हजारांचा. वाळत ठेवायला झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि पाव किलो सिलिका जेल घ्या. थिनरचा वास गेल्यावरच आत ठेवा. थर्माकोलचा खोका नको, उरलेली वाफ त्यालाच खाईल.

नवशिक्याचा हिशेब असा: हायग्रोमीटर, गाड्यांचा प्रायमर, वॉटरपेपर, मास्क, सिलिका जेल मिळून दोन-अडीच हजार. त्यातला डबा तेवढा पुन्हा घ्यावा लागेल, मास्कची कार्ट्रिज अधूनमधून. तामियाचा महाग डबा दुसऱ्या-तिसऱ्या मॉडेलला घ्या, पहिल्याला नाही.