कोजागरी : जागे कोण आहे?



आश्विन शुद्ध पौर्णिमा जवळ आली की आमच्याकडे दोन प्रश्न हटकून येतात. "महाराज, यंदा कोजागरी आज की उद्या?" हा पहिला, आणि "उपास झेपत नाही, काय करावं?" हा दुसरा. दोन्हींचा थोडा विचार करू.

पहिल्याचे उत्तर आपल्या पंढरीच्याच एका शास्त्र्याने देऊन ठेवले आहे. काशीनाथ उपाध्याय, ज्यांना बाबा पाध्ये म्हणतात, त्यांनी इ. स. १७९० च्या सुमारास 'धर्मसिंधु' रचला. त्यातला निर्णय असा की, ज्या दिवशी मध्यरात्री पौर्णिमा असेल ती कोजागरी. दोन्ही मध्यरात्री असली, किंवा एकीलाही नसली, तर दुसरा दिवस धरावा. म्हणून कधी पंचांगात कोजागरी एका दिवशी आणि पौर्णिमा दुसऱ्या दिवशी दिसते. ती चूक नव्हे. हे व्रतच मुळी रात्रीचे, तेव्हा सूर्योदयाची तिथी घेऊन काय करायचे?

विधी सोपा आहे. दिवसा उपोषण करावे. सांजेला अंगण सारवून दिवे लावावेत. रात्री लक्ष्मीची आणि ऐरावतावर बसलेल्या इंद्राची पूजा करावी. नारळाचे पाणी व पोहे यांचा नैवेद्य देवांना-पितरांना अर्पून, आप्तेष्टांना देऊन, मग आपण घ्यावा. आटीव दूध चंद्राला दाखवण्याची चाल आपल्याकडे आहेच. लक्ष्मी मध्यरात्री 'को जागर्ति', म्हणजे जागे कोण आहे, असे विचारीत फिरते, म्हणून नाव कोजागर. त्या रात्री फाशांचा खेळही सांगितला आहे, पण तो झोप येऊ नये म्हणून! आम्ही मात्र जागणे विसरलो आणि खेळ तेवढा लक्षात ठेवला. त्यात पैसेही लावू लागलो. याला जागर म्हणावे काय?

आता दुसरा प्रश्न. मागे एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध माळकरी जवळ आले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "महाराज, साखरेचा आजार जडला. डॉक्टर उपाशी राहू देत नाहीत. चाळीस वर्षांचं व्रत मोडलं. देव रागावला असेल का हो?"

मी म्हटले, "कोजागरीच्या रात्री काय केलंत?"

"काय करणार? देवळात टाळ धरला, पहाटेपर्यंत."

"मग बाबा, मोडलं काय?"

श्रोते हो, शास्त्र आपल्याला वाटते तेवढे कठोर नाही. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठांनी व्रत भंगत नाही, असे ते स्पष्ट सांगते. आजाऱ्याला वेळेवर घेतलेले अन्न हेच औषध. तेव्हा दुखणेकऱ्याने, गरोदर बाईने, थकलेल्या जीवाने वैद्याचे ऐकावे आणि मनात खंत धरू नये. लक्ष्मी पोट रिकामे आहे का, असे विचारीत नाही. जागे कोण, एवढेच विचारते.

आणि हा जागर एका रात्रीचा नाही. याच पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगाव काकडा चालतो. कोजागरीला दूध पिऊन दुसऱ्या पहाटे जो पांघरूण ओढून घेतो, त्याची रात्र फुकट गेली. जो काकड्याला देवळाची पायरी चढतो, त्याचे व्रत पुरे महिनाभर चालले. तेव्हा यंदा दूध आटवा, पोहे करा, शेजाऱ्याला बोलवा. आणि पहाटे काकड्याला या.